चिनूचा बंद फोन

मी यशवंतपूरच्या एका लॅबमध्ये मोबाईल तपासतो. बाजारात येण्याआधी फोनच्या लहरी डोक्यात किती शिरतात, हे मोजायचं माझं काम. त्यामुळे ‘मला जाणवतं’, ‘मला कळतं’ असं कुणी म्हणालं की मी सरळ विचारतो – आकडा किती? भुताखेतांचा तर प्रश्नच नव्हता. तरीही हे लिहितोय, कारण इतरांपेक्षा मलाच ते पटवून घ्यायला जड जातंय.

माझी मोठी बहीण, अक्का, शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला राहते. शाळेत कन्नड शिकवून रिटायर झाली. मागच्या वर्षी चार दिवस आमच्याकडे आली होती आणि माझ्या मुलीच्या, चिनूच्या खोलीत झोपायची. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, “सुधी, चिनूच्या फोनमधून रेडिएशन येतंय रे. माझा कान ठणकतो.”

तो माझा जुना हँडसेट. सिमकार्ड नाही, गोष्टी ऐकायला दिलेला. शाळेतून आली की चिनू उशीवर तो ठेवून, त्याला कान लावून पडायची. मी अक्काला लिमिट, टेस्टिंग, सगळं समजावलं. “तुझ्या स्वतःच्या फोननं नाही ठणकत?”

“नाही. याच्यानंच.”

रविवारी दुपारी म्हटलं, टेस्टच करू. चिनूचा फोन पूर्ण बंद केला, माझ्या फोनवर कॉल चालू ठेवला – म्हणजे लहरी असल्याच तर माझ्या फोनमधून. बायको, रेवती, स्वयंपाकघरात दोन्ही फोन सारख्याच जाड मोज्यांत घालून, अदलाबदल करून माझ्याकडे द्यायची. कुठल्यात कुठला, हे मलाही माहीत नव्हतं. अक्काच्या मागे उभा राहून मी ते एकेक करून तिच्या कानाजवळ धरत होतो.

दहा वेळा केलं. दहाही वेळा ‘याच्यानं ठणकतं’ म्हणून अक्कानं बंद फोनच दाखवला.

मी हसलो. “रेडिएशनच्या हिशेबानं सगळी उत्तरं चुकली, अक्का.”

ती हसली नाही. “स्वल्प थांब. चुकायचंच तर एकदा तरी दुसरा दाखवला असता ना मी?”

खरं तर तिथेच मी गंभीर व्हायला हवं होतं.

“पोरगी त्याला कान लावून पडते,” ती म्हणाली. “घरात नको तो.”

तिच्या समाधानासाठी मी फोन तसाच बंद, बाल्कनीतल्या कपडे धुवायच्या दगडावर ठेवला. चिनू रुसली. संध्याकाळी अक्का परत गेली.

मंगळवारी दुपारी रेवतीचा ऑफिसात फोन आला. बाल्कनीत फटकन आवाज झाला, धूर झाला, फोन फुगून पेटला होता. शेजारची बादली वितळली. वाळू टाकून तिनं विझवलं. चिनू तेव्हा शाळेतून येऊन पलंगावर पडली होती. उशी, कान, रोजची वेळ... मी लॅबमधून तसाच घरी निघालो.

बॅटरी तपासणाऱ्या सहकाऱ्याला मी जळका तुकडा दाखवला. “आतला दोष,” तो म्हणाला. “चार्जिंगला नसतानाही होऊ शकतं. पण दोन दिवस आधी, ना फुगलेला, ना गरम झालेला – हे माणसाला कळायचं काही कारणच नाही.”

अक्काला फोन केला. तिनं पहिल्यांदा चिनूला बोलवायला लावलं, तिच्याशी बोलली. मग मला म्हणाली, “मला बॅटरीतलं काय कळतंय? काहीतरी वाईट आहे एवढं कळत होतं. रेडिएशन हा एकच शब्द माहीत होता, तो वापरला.”

तिचा कान त्यानंतर कधीच ठणकला नाही. तिला यापूर्वी असं काही झालं नव्हतं, नंतरही नाही. मी वास, उष्णता, आवाज, सगळ्या शक्यता तपासल्या. एकही टिकत नाही.

गेल्या महिन्यात नवीन फोन घेतला. माझ्याच लॅबमधून पास झालेलं मॉडेल. घरी न जाता आधी के. आर. पुरमला गेलो. अक्का म्हणाली, “अरे, मी काय मशीन आहे?” तरी तिनं फोन मिनिटभर कानाशी धरला.

“सरी, ठीक आहे,” ती म्हणाली. “ने घरी.”

मगच नेला.