शेकाट्याच्या मागचा भराव

खाडीकाठच्या चिखलात मी आणि आमच्या शेजारचे जोशीकाका कॅमेरे घेऊन पालथे पडलो होतो. पाणपक्ष्याचा फोटो त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढायचा, हे मला काकांनीच शिकवलेलं. समोरच्या उथळ पाण्यात एक शेकाट्या आपले लांबलचक गुलाबी पाय अलगद टाकत चालला होता.

"मागे भराव येतोय रे," काका कुजबुजले.

फोटोत माणसाची खूण नको, हा आम्हा फोटोवाल्यांचा हट्ट. पूर्वी पक्ष्यामागे नुसती खाडी असायची. आता डंपरांनी ओतलेली माती आहे, आणि ती रोज पुढे सरकते. उभं राहून वरून टिपलं तर मागे फक्त पाणी येईल. पण उभं राहिलं की पक्षी उडतो. भराव थांबवणं आम्हाला कधी जमलं नाही. तो फोटोबाहेर ठेवणं तेवढं जमायचं, आता तेही जमत नाही.

काका हळूच उठले. शेकाट्या उडाला, एक वळसा घेऊन भरावावरच उतरला आणि डंपरच्या चाकाने पडलेल्या खळग्यातल्या पाण्यात चोच बुडवू लागला.

काकांनी लेन्सला झाकण लावलं.

"त्या पाण्यात काही नाही," ते म्हणाले. "पण हे त्याला कळेपर्यंत संध्याकाळ होईल."