ब गट आजारी का पडत नाही?

महानंदा चिकोडीची. लग्न होऊन बेंगळुरूत चामराजपेटला आली, त्याला बावीस वर्षं झाली. त्यातली अकरा तिनं एका संशोधन संस्थेच्या प्राणीघरात काढली. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणापाणी, वजनं. हॅमस्टर सगळ्यांना चावायचे. तिला नाही. ती उचलण्याआधी त्यांच्याशी बोलायची, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये.

एप्रिलमधल्या त्या प्रयोगात दोन गट होते. अ गटाला नाकातून करोनाचा मूळचा विषाणू दिला होता, ब गटाला त्याचाच एक बदललेला भाऊ. डोस तिच्यासमोर दिले गेले, हॅमस्टर तिनंच धरले होते. सहाव्या दिवशी अ गट कोपऱ्यात गोळा होऊन पडला. एकशेवीस ग्रॅमचा प्राणी एकशेतीनवर आला. ब गट मात्र जाळीला लोंबकळत होता.

महानंदाला राहवेना. अंगावरचा सूट उतरवून, आंघोळ करून बाहेर आल्या आल्या तिनं आर्याला गाठलं. आर्या पुण्याची, सव्वीस वर्षांची, या प्रयोगावर काम करणारी.

"ह्या ब वाल्यांना काय कसं झालं न्हाई गं?"

"तेच तर बघतोय, अक्का." आर्यानं चहाचा कप खाली ठेवला. "विषाणूच्या अंगावर काटे असतात ना, स्पाइक. त्या काट्यावर एक जागा असते. आपल्या शरीरातली कात्री तिथं काप देते. मग तो फुप्फुसाच्या पेशीत सहज घुसतो."

"म्हंजे चोराला दार आपणच उघडून द्यायचं."

"अगदी. या भावाच्या काट्यावरची ती जागाच गेलीय. प्रयोगशाळेत वाढवता वाढवता आपोआप गळली. कात्री चालवायची कुठं?"

"मग मेला का तो?"

"छे. नाकात मजेत आहे. फुप्फुसात त्याचं फारसं चालत नाही."

महानंदा बसमध्ये हाच विचार करत राहिली. एवढासा तुकडा. तो गेला आणि जनावर खेळायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सुधींद्र सरांनी सगळ्यांना बोलावलं. प्रयोग त्यांचा होता. महानंदाचा करार दर जूनला त्यांच्याच सहीनं वाढायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना वापरलेल्या भुशात सूर्यफुलाची टरफलं सापडली होती. सगळ्या पिंजऱ्यांचा भुसा एकाच पिशवीत जातो, त्यामुळं ती कुठल्या पिंजऱ्यातली ते कळेना. नव्यानं आलेल्या हॅमस्टरांना रुळवायला बियांची एक बरणी आत असते. प्रयोग सुरू झाला की तिला हात लावायचा नाही, हा नियम.

"ब गटाला कुणीतरी खाऊ घातलंय," सर म्हणाले. "म्हणून वजन उतरलं नाही. ब गट बाद."

आर्याचा चेहरा पडला.

महानंदानं मनात हिशेब केला. गप्प राहिलं तर आपलं काही जात नव्हतं. पण मग ब गट का खेळतो, हे पुन्हा कोण शोधणार? खोट्या कारणाखाली ते कायमचं झाकलं जाणार.

"सर, बिया मी घातल्या."

"तुम्ही? अकरा वर्षं झाली तुम्हाला इथं!"

"व्हय. पण ब ला न्हाई, अ ला. तिसऱ्या दिवशी उठून खाईनात. आजाऱ्याला बघाय जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणत्यात. तसंच माघारी फिराय मन धजंना. दोन-दोन बिया पुढ्यात ठिवल्या."

"महानंदा, ते पाहुणे नाहीत!"

"कळतंय, सर. चुकलं माझं." ती थांबली. मग तिच्यानं राहवलंच नाही. "पण एक विचारू? चौथ्या दिवशी दोन्हीकडची दोन-दोन जनावरं तुम्ही तपासली. बिया खाऊन वजन वाढंल. फुप्फुस साफ होतंय काय?"

सरांनी आर्याकडे बघितलं. आर्यानं लॅपटॉप त्यांच्यापुढं सरकवला. अ ची फुप्फुसं विषाणूनं भरलेली, ब ची जवळजवळ स्वच्छ. नाकात मात्र दोघांच्याही विषाणू.

"म्हणजे अ ला खाऊ मिळूनही ते उतरले," सर स्वतःशीच म्हणाले. मग आवाज चढवून, "तरी हे चालणार नाही. प्रयोग पुन्हा, पहिल्यापासून. आणि तुम्ही आत नाही."

लेखी ताकीद आली. मे महिनाभर महानंदा बाहेरच्या टेबलाशी बसली. आतला कागद बाहेर येत नाही, म्हणून आर्या आतून स्पीकरवर वजनं सांगायची आणि ही लिहायची. आर्याला दोनदा हॅमस्टर चावायला गेला.

"बोल त्याच्यासंगं आधी," ही बाहेरून ओरडायची. "स्वल्प थांब, मग उचल."

नव्या खेपेला कुणालाही बी नव्हती. सहाव्या दिवशी अ पुन्हा उतरला. ब चे आकडे आले: एकशेसोळा, एकशेअठरा, एकशेपंधरा. जवळजवळ पहिल्या दिवशीचेच. महानंदानं पेन खाली ठेवलं. सर तिच्या मागं येऊन उभे राहिले होते, कधीपासून कोण जाणे.

"सर, आता ह्या ब वाल्यांना खरा विषाणू दिला तर? आजारी पडतील, का ह्यांना त्याची वळख पटली असंल?"

सर हसले. "पुढचा प्रयोग तोच आहे."

"मग?"

"मग काय? इथं बसून कळणार आहे का ते तुम्हाला?" त्यांनी आत जाण्याच्या परवानगीचा कागद टेबलावर ठेवला. जूनच्या तारखेचा. सही झालेली होती. "आणि बरणी मी बाहेर काढलीय."

"सरी, सर," महानंदानं कन्नडमध्ये होकार दिला, आणि स्पीकरकडे वाकून आर्याला पुढचा आकडा विचारला.