कुकरच्या रिंगचा तुकडा

बेलसरे मॅडमनी कॉलेजच्या लॅबमध्ये फोन माझ्यासमोर ठेवला आणि व्हिडिओ सुरू केला. त्यात माझ्या घराची बाल्कनी होती. इडलीपात्राच्या खळग्यांत मायक्रोस्कोपची भिंगं मांडलेली होती. मी हेअर ड्रायरनं लेन्सची नळी गरम करत होतो आणि कुकरच्या जुन्या रबरी रिंगचा तुकडा दाबून ती उघडत होतो. मागून माझ्या बायकोचा, मेधाचा, कौतुकाचा आवाज येत होता.

"यात आमचा कुठला?" मॅडमनी विचारलं. "की तो वरच्या ताटलीत आहे?"

मी मायक्रोस्कोप दुरुस्त करतो. पूर्वी कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो, रिटायर झाल्यावर कोथरूडला घरातूनच काम सुरू केलं. बेलसरे मॅडम एका कॉलेजात बायॉलॉजीच्या प्रमुख आहेत. त्यांच्या लॅबचं सगळं काम माझ्याकडे असतं. मेधानं हौसेनं तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. तो फिरत फिरत मॅडमपर्यंत पोचला.

खरं तर सांगण्यासारखं बरंच होतं. भिंगं इवलीशी आणि गोल. सपाट ट्रेमध्ये ती घरंगळतात, क्रम चुकतो आणि पुढे सगळंच धूसर दिसतं. खळग्यांत ती जागच्या जागी राहतात. वर्षानुवर्षं वाळलेलं ग्रीस ड्रायरच्या उबेनं सैल होतं. यातल्या बहुतेक गोष्टी मेधाला सुचलेल्या. एवढं बोललो असतो तरी पुरलं असतं.

पण माझी कानशिलं तापली होती. मी म्हणालो, "बायकोनं गमतीत केलाय तो. तिला यातलं काय कळतंय? मी असं काम करत नाही."

"छान," मॅडम म्हणाल्या. "मग इथेच करून दाखवा."

प्रॅक्टिकल परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती आणि लॅबमधल्या एका मायक्रोस्कोपमधून काहीच धड दिसत नव्हतं. मी बॅगेतून कंपनीच्या वेळचा स्पॅनर काढला. लेन्सच्या आत भिंग धरून ठेवणारी एक बारीक चकती असते. तिला दोन खाचा असतात. त्यांत स्पॅनरची टोकं अडकवून ती फिरवायची. या चकतीच्या खाचा झिजलेल्या होत्या. स्पॅनर दोनदा निसटला. आणखी एकदा निसटला असता तर काचेवर ओरखडा उठला असता. मॅडम शेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

मी पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेलो आणि मेधाला फोन केला. रिंगचा तुकडा आणि ड्रायर घेऊन ये, एवढंच म्हणालो. ती स्कूटरवर लगेच आली.

मी पिशवी दारातच घेणार होतो. पण मॅडम मागोमाग आल्या आणि तिला म्हणाल्या, "व्हिडिओ तुम्हीच केलात ना? हे म्हणतात, गमतीत केलात."

मेधानं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीकडे पाहत राहिलो.

"हो," ती म्हणाली. "गमतीतच."

नळी गरम केली, रबर दाबून फिरवलं. चकती पहिल्या झटक्यात सुटली. भिंग पुसून परत बसवलं. मॅडमनी डोळा लावून बराच वेळ पाहिलं. कांद्याच्या सालीतली एकेक पेशी स्वच्छ दिसत होती. "चालेल," त्या म्हणाल्या. मग मेधाकडे वळल्या. "तुमची गंमत उपयोगी आहे."

घरी जाताना स्कूटर मेधाच चालवत होती. मी मागे बसून शब्द जुळवत होतो. ते काही जुळले नाहीत.

परीक्षा संपल्यावर बाकीचे मायक्रोस्कोप आणायला गेलो, तेव्हा मॅडमना सगळं खरं सांगितलं. कुठली युक्ती कुणाची तेही सांगितलं.

"ते मला त्याच दिवशी दिसलं," त्या म्हणाल्या. "मला कशाला सांगताय? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

त्या संध्याकाळी सांगितलं. "तिला यातलं काय कळतंय" हे वाक्यसुद्धा गाळलं नाही. मेधा गवार मोडत होती. ऐकून घेतलं, गवार मोडून संपवली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी तुमची पिशवी तुम्हीच भरून न्या."

तेव्हापासून भरून नेतो. हत्यार स्वयंपाकघरातलं असलं म्हणून काही बिघडत नाही. ते कुणी सुचवलं, एवढं मात्र विचारायच्या आधी सांगावं. नंतर सांगितलेलं कबुलीजबाबासारखं ऐकू येतं.