अकरा विहिरींची कॅसेट

बस्त्याव सरांचा संगणक मी जाळला.

अडॅप्टर चुकीचा लावला. व्होल्ट बरोबर होते, नऊच. पण त्या जुन्या ब्रिटिश यंत्राला पिनीच्या आतल्या बाजूला ऋण आणि बाहेर धन लागायचं, म्हणजे बाकी सगळ्या जगाच्या उलट. मी चिप डिझाइन करणाऱ्या कंपनीत नोकरी करत होतो, तेव्हा हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. फक्त त्या क्षणी आठवलं नाही, कारण त्या क्षणी मी बोलत होतो.

"मोजलंस का?" सरांनी विचारलं होतं. मीटर टेबलावरच होता, माझ्या हातापासून वीतभर लांब.

"त्यात काय मोजायचंय सर? नऊ म्हणजे नऊ."

रबरी कळांच्या खालून आधी वास आला, मग धुराची बारीक रेघ. सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी आजूबाजूला पाहिलं. ज्यांनी त्यांचा राग पाहिला नाही त्यांना हे सांगायला हवं. सर रागावले की वस्तू फेकत, पण फेकण्याआधी न फुटणारी वस्तू शोधत. त्या शोधात दोन-तीन सेकंद जात आणि तेवढ्यात समोरचा अर्धा मरत असे. त्या दिवशी मला आधी वर्तमानपत्र लागलं, मग उशी, मग त्यांची वेताची हॅट. चौथ्या वेळी त्यांनी मीटर उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत जागेवर ठेवला.

"तू इंजिनियर?"

"हो सर."

"कोनी केला?"

सर उमेळ्याचे. सेबॅस्टियन हे नाव चर्चच्या दप्तरात, गावात बस्त्याव. टेक्निकल शाळेत रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवून निवृत्त झालेले. घरामागे केळीची वाडी, वाडीत विहीर. मी स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत राहायला आलो आणि एका रविवारी केळी घ्यायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हाचं आमचं पहिलं संभाषण मला तंतोतंत आठवतं.

"राहतोस कुठं?"

मी इमारतीचं नाव सांगितलं.

"पानी कसलं येतं?"

"टँकरचं."

"म्हंजे माझं," सर म्हणाले आणि केळी मोजून दिली. एक जास्त नाही, एक कमी नाही.

त्यात अतिशयोक्ती नव्हती. आमच्या भागात तेव्हा इमारती आधी उभ्या राहिल्या होत्या आणि नळ नंतर येणार होते. ते 'नंतर' वर्षानुवर्षं चाललं. तोवर टँकर. टँकर भरायचे ते गावातल्या विहिरींवर. दोन-तीन जणांनी आपल्या विहिरींना मोठे पंप बसवून पाणी विकायला काढलं होतं. जमिनीखाली पाणी सगळ्यांचं एकच, त्यामुळे पंप एकाच्या विहिरीवर आणि तळ दिसायचा शेजारच्या दहा विहिरींना. खाडीकडच्या विहिरी तर खारट होऊ लागल्या होत्या. गावाने टँकरविरुद्ध अर्ज केला. तालुक्याच्या कचेरीतून उत्तर आलं की पूर्वी पाणी किती होतं याचा पुरावा सुनावणीत सादर करा.

आणि पुरावा होता! हीच तर संतापाची गोष्ट आहे. सरांच्या भावाने आखातातून येताना तो रबरी कळांचा संगणक आणला होता. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवरून त्यात प्रोग्रॅम भरायचा. इतरांच्या घरी असल्या यंत्रावर पोरं खेळ खेळली. सरांनी त्यात विहिरी घातल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की इस्त्रीच्या शर्टातच ते निघत. हातात दोरी, दोरीला हातहातभर अंतरावर गाठी, टोकाला पितळेचं वजन. अकरा विहिरी. वजन पाण्याला टेकलं की गाठी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. गाठी जितक्या कमी, पाणी तितकं वर. घरी आल्यावर आकडे संगणकात, संगणकातून कॅसेटवर. पुढे वह्यांना वाळवी लागली तेव्हा गावात एकटे सर खूश होते. "कॅसेटला वाळवी लागत नाय," ते ज्याला त्याला सांगत.

सुनावणीला दोन महिने राहिले असताना ते यादी काढायला बसले, तर संगणकाचा अडॅप्टर मेलेला. त्यांनी मला बोलावलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

सरांनी यंत्र उघडून दोन दिवस तपासलं. मधली एक खास चिप गेली होती. चित्र, कळा, कॅसेट सगळं तीच सांभाळायची, आणि ती बनणं केव्हाच बंद झालं होतं. मी मान खाली घालून म्हणालो, "सर, मी नवा बनवतो."

"काय बनवतोस?"

"हाच संगणक. अख्खा."

मग मी त्यांना एफपीजीए बोर्ड समजावला. कोरी चिप. आत हजारो बारीक सर्किटं नुसती पडून असतात, आपण लिहून देऊ तशी ती एकमेकांना जोडली जातात. आज तिला घड्याळ करा, उद्या संगणक करा. बोर्ड माझ्याकडे होता, पोटापाण्याचा धंदाच तो. सरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "दुसरा सोपा मार्ग हाय?"

"नाही," मी म्हणालो.

होता. साध्या पीसीवर त्या जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर फुकट मिळत होते. कॅसेट पीसीच्या साउंड कार्डाला लावायची, आकडे बाहेर. एका संध्याकाळचं काम. हे मला त्या क्षणी आठवलं नाही असंही म्हणता येणार नाही. चांगलं आठवलं. पण ती नक्कल दुसऱ्याची होती. माझ्या हातून जळलेलं यंत्र माझ्याच हातून जिवंत व्हावं आणि सरांनी एकदा तरी "शाबास परब" म्हणावं, एवढ्यासाठी मी अकरा विहिरी पणाला लावल्या. आज लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

दर रविवारी मी बोर्ड घेऊन सरांच्या पडवीत बसू लागलो. जुन्या यंत्राचा प्रोसेसर बोर्डात उतरवला. कळा जोडल्या. या यंत्राची एक गंमत अशी की 'जे'ची कळ दाबली की 'लोड' हा अख्खा शब्द उमटायचा. सरांच्या बोटांना ते सगळं पाठ होतं. टीव्हीवर पहिल्यांदा तो पांढरा पडदा आणि खाली जुनी ओळ दिसली तेव्हा सर पुढे वाकले, त्यांचा श्वास मला ऐकू आला. 'शाबास' जवळ आली असं मला वाटलं.

"आता विहिरी," ते म्हणाले.

विहिरी म्हणजे कॅसेट. कॅसेटचं काम किचकट आणि दिसायला काहीच नाही. म्हणून मी ते मागे ठेवलं आणि आधी रंग नीट केले. मग आवाज. पाचव्या रविवारी मी मोठ्या ऐटीत इंटरनेटवरून आणलेला एक खेळ लावून दाखवला. एक माणूस शिड्यांवरून उड्या मारतो.

सरांनी आजूबाजूला पाहिलं. पडवीत केळीचे सोप, म्हणजे खोडाचे पापुद्रे, वाळत होते. पहिला माझ्या खांद्यावर बसला.

"मानूस उडतो! गावात मानसं प्यायच्या पान्याला उडतायत, आन् हा टीव्हीत उडवतो! कुठं हाय माझी विहीर? कुठंय?"

"सर, पुढच्या रविवारी नक्की."

"तू तारखा देऊ नको. तारखा द्यायला कचेरी हाय."

त्यांची बायको फिलोमीनाबाय आतून चहा घेऊन आली, सोपांचा ढीग माझ्यापासून लांब सरकवला आणि नवऱ्याला म्हणाली, "चहा झाल्यावर मारा."

पुढच्या रविवारी मी कॅसेट लावली. टीव्हीच्या काठाला लाल-निळे पट्टे यायला हवेत, मग बारीक पिवळे-निळे, म्हणजे आकडे आत चाललेत. एकही पट्टा आला नाही. मी कोड बदलला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा बदलला. सर मागे उभे राहून दोनदा म्हणाले, "टेपमधून येतं किती ते मोजलंस का?" मी म्हणालो, "सर, प्रश्न व्होल्टचा नाही, टायमिंगचा आहे." जळक्या यंत्राचा खोका समोरच ठेवलेला असताना मी हे म्हणालो.

सुनावणीच्या दिवशी मी रजा घेऊन सरांबरोबर गेलो. गावातले वीसेक लोक होते. पलीकडे टँकरवाले, बरोबर वकील. साहेबांनी विचारलं, "आकडे कुठे आहेत?"

"हायेत," सर म्हणाले आणि खिशातून कॅसेट काढून टेबलावर ठेवली. "यात."

साहेबांनी ती उलटसुलट केली. "मग वाजवा की."

टँकरवाले हसले. कारकून हसला. वकील हसला नाही, त्याने ते लिहून घेतलं. सरांनी आजूबाजूला पाहिलं. टेबलावर काचेचं पेपरवेट, स्टीलचा पंच, शाईची दौत. सगळं फुटणारं किंवा फोडणारं. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

"पंचवीस वर्सं मी मोजतोय साहेब," ते म्हणाले. आवाज एवढा चढला की बाहेरचे शिपाई दारात आले. "तुमी इथं आजून आला पन नव्हता तवापासून मोजतोय! एक महिना चुकलो नाय. पोरगी झाली त्या रविवारी पन मोजलं. आन् तुमी वाजवा म्हनता?"

"पुरावा सादर नाही," साहेबांनी लिहायला सांगितलं. टँकर चालू राहिले.

परतीच्या रिक्षातही सरांचे हात खिशातच होते. मी त्यांच्या शेजारी बसून देवाकडे एकच मागत होतो, या माणसाने मला काहीतरी फेकून मारावं.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा सर मीटर घेऊन बसलेलेच होते. टेपरेकॉर्डरची वायर त्यांनी मोजली. "तुझ्या बोर्डाला दीड व्होल्ट पायजे. टेप एक पन देत नाय." बस, एवढंच. टेपचा आवाज बोर्डाला ऐकूच जात नव्हता. जळक्या यंत्रातला एक ट्रान्झिस्टर काढून सरांनी मध्ये जोडला. वीस मिनिटं लागली, त्यातली पाच चष्मा शोधण्यात गेली. मग लाल-निळे पट्टे आले. मग पिवळे-निळे. आणि पडद्यावर विहिरी उतरू लागल्या. घराचं नाव, महिना, गाठी. घराचं नाव, महिना, गाठी. सर बोट लावून वाचत होते. "हा जुझेचा बाप होता तवा. बघ, वैशाखात पन चार गाठी. चार!"

सरांची मुलगी लीना पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होती, ती त्याच दिवशी आली होती. खांद्यावर बॅग तशीच ठेवून ती बोर्डाकडे बघत राहिली. "दादा, हे तुम्ही बनवलं? भारी आहे." मी फुगलो. मग ती म्हणाली, "पण एवढं कशाला केलं? पीसीवर एम्युलेटर मिळतो ना. अर्ध्या तासात झालं असतं."

सरांचं बोट पडद्यावर होतं तिथेच थांबलं.

"तुला ठाऊक होतं?"

खोटं बोलायची संधी होती. वापरली नाही, एवढंच माझं पुण्य. "हो सर."

मी वाट पाहिली. सरांनी आजूबाजूला पाहिलंच नाही. ते खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "अडॅप्टर लावलास ती चूक व्हती. हे तू केलंस." मग म्हणाले, "जा."

मी गेलो. वर्षभर उमेळ्याच्या रस्त्याला फिरकलो नाही. घरात टँकरच्या पाण्याखाली हात धरला की मनात गाठी मोजायचो. कानावर येत होतं ते एवढंच की सरांनी छापील यादी जोडून अपील केलं, आणि नवे साहेब बरे निघाले. त्यांनी यादी ठेवून घेतली आणि सांगितलं की दर महिन्याचं माप पुढे जोडत राहा, खंड पडू देऊ नका, निकाल त्यावर लागेल.

मग एका शुक्रवारी सर गेले. पहाटे छातीत कळ आली आणि दुपारच्या आत गेले. त्याच संध्याकाळी मातीला मी सगळ्यांत मागे उभा होतो. प्रार्थना संपल्यावर फिलोमीनाबाय गर्दीतून सरळ माझ्याकडे आली. हातात पिशवी. पिशवीत दोरी, पितळेचं वजन आणि वही.

"परवा पैला रविवार हाय," ती म्हणाली.

मी दोन्ही हात मागे घेतले.

"मला नाय पटलेलं," ती म्हणाली. डोळे रडून लाल आणि आवाज करवतीसारखा. "मी बोलले, त्याला नको, लीनाला सांगा. तर सर बोलले, लीना पुन्याला असते. याच्या बिल्डिंगला आपलं पानी जातं, तर मोजायला पन यानंच यावं. मरताना पन तुझ्यावर चिडलेलेच व्हते. धर."

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. पहिली विहीर एका म्हाताऱ्या आजींच्या वाडीत होती. सरांची वाट बघायची सवय असल्यासारख्या त्या रहाटाशी उभ्याच होत्या. मी नमस्कार केला, सरांनी मला नेमलंय असं जरा जोरातच सांगितलं, वही उघडली, पेन काढलं, कठड्यावर वाकून वजन आत सोडलं. गाठी हातातून सरसर निघाल्या. मी मोठ्याने मोजत होतो. मोजण्याच्या भरात दोरीचं दुसरं टोक कुठे बांधायचं असतं हा विचारच केला नव्हता. शेवटची गाठ सुटली आणि दोरी वजनासकट पाण्यात गेली.

आजी कठड्याशी आल्या, खाली वाकून बघितलं, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सरांना दुसरं कोनच नाय भेटलं?"