ठराव दाखवा!

राणी पाईकरावला हिंगोलीच्या कोर्टात वकिली करून चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत तिनं प्रतिज्ञापत्रं केली आणि तारखा घेतल्या, त्यापलीकडं फारसं काही नाही. ती मूळची सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची. आई कमलबाई सोयाबीन सोंगायला जायची. वडील दर रविवारी विहारात पोरांना जमवून संविधान वाचून दाखवायचे. राणीला कलमं तोंडपाठ होती, पण त्यातलं एकही कोर्टात उभं करायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

ती वेळ मोतीबाईनं आणली.

मोतीबाई जवळच्याच एका बाजारगावी बांगड्या विकायची. तिथं वसुलीच्या ठेकेदारानं बसायच्या जागेची बाजारपावती दहाची एकदम तीस रुपये केली. मोतीबाईनं खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर लेकीकडून लिहून घेतलं, ‘तीस रुपये कोणत्या कायद्यानं?’ आणि पाटी बांगड्यांच्या वर टांगली. दुपारपर्यंत ठेकेदाराच्या माणसांनी पाटीचे तुकडे केले. पुढच्या बाजारी नगरपंचायतीचं पत्र आलं. बाजाराची शांतता बिघडवली म्हणून जागा रद्द!

“निस्तं इचारलं वो, वकीलबाई,” मोतीबाई राणीच्या टेबलासमोर बसून सांगत होती. “काहून वाढवले म्हणून. आता मला बसूच देऊन न्हाई राहिले.”

“पाटीचे तुकडे कुठायत, मावशी?”

“हे काय, पिशवीत.”

राणी खुर्चीवरून उठलीच. कर आणि बोलायचा हक्क, दोन्ही एकाच पिशवीत तिच्यासमोर आले होते!

तिनं माहिती अधिकारात अर्ज टाकला. महिन्याभरानं एका ओळीचं उत्तर आलं, ‘वाढीव दराचा ठराव अभिलेखात आढळून येत नाही.’ ती कागद हातात धरून वकिलांच्या खोलीत पळत गेली. तिचे सिनियर उत्तमराव चहा पीत बसले होते. त्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि कप खाली ठेवला.

“मग इथं काय करून राहिलीस? खंडपीठात जा.”

“सर, मी तिथं कधी उभीच राहिले नाही.”

“माझा गाऊन घेऊन जा. बराबर उभी राहशील.”

उत्तमराव सहा फुटी. छत्रपती संभाजीनगरच्या त्या भल्यामोठ्या कोर्टात राणी उभी राहिली तेव्हा गाऊन घोट्यापर्यंत आला होता आणि बाह्यांतून बोटं दिसत नव्हती. मोतीबाई मागच्या बाकावर डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसली होती.

नगरपंचायतीचे वकील हसून म्हणाले, “वीस रुपयांच्या वाढीसाठी एवढ्या लांब?”

राणीनं बाह्या वर सारल्या. आवाज खणखणीत निघाला. “संविधानाच्या कलम दोनशे पासष्टमध्ये रकमेची अट नाही. कायद्याचा आधार नसेल तर एक रुपयासुद्धा वसूल करता येत नाही. आणि तो आधार विचारला म्हणून माझ्या पक्षकाराची जागा गेली.” तिनं पाटीचे तुकडे जोडून पुढं केले.

न्यायमूर्तींनी ते वाचून घेतलं. मग समोर बघून एवढंच म्हणाले, “ठराव दाखवा.”

समोरच्या फायलीची पानं उलटली, परत उलटली. शेवटी मुदत मागितली गेली. मुदत मिळाली, पण तोवर वाढीव वसुली बंद आणि मोतीबाईची जागा तिला परत! प्रश्न विचारल्यानं शांतता कशी बिघडते, असंही न्यायमूर्तींनी विचारलं.

सगळं इंग्रजीत चाललेलं. मोतीबाईला राहवेना. “काय झालं गं पोरी?” ती तिथूनच ओरडली. शिपायानं डोळे वटारले. बाहेर आल्यावर राणीनं सांगितलं, तशी मोतीबाईनं तिला गाऊनसकट उचललंच.

दीड वर्षानं अंतिम निकालही बाजूनं लागला. तोवर राणीचं नाव पार कळमनुरीपर्यंत पोचलं होतं. लोक ‘ठराववाली वकीलबाई’ विचारत यायचे. व्यापारी यायचे, सभेला परवानगी नाकारलेले शिक्षक यायचे, गावातलं काम चुकलं असं मोबाइलवर लिहिल्यामुळं नोटीस आलेली पोरं यायची.

ती सगळीकडं जिंकली असं नाही. औंढ्याकडच्या एका गावानं घरपट्टीच्या वाढीविरुद्ध तिला गाठलं. तिनं कागद मागवले, तर ठराव होता, हरकतींची मुदत होती, शिक्का होता. सगळं कायदेशीर! खटला टिकला नाही आणि ती दोन दिवस त्याच कागदांत डोकं घालून बसली. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच गावी जाऊन पारावर उभी राहिली.

“कायद्यानं लावलेला कर जास्त वाटतो का? मग कायद्यानंच कमी करू. पुढच्या ग्रामसभेला घरटी एक माणूस पाहिजे.”

“बायांनी यायचं का?” शकुबाई नावाच्या म्हातारीनं विचारलं.

“घर तुमचं न्हाई व्हय?”

त्या ग्रामसभेला शाळेचं मैदान कमी पडलं. चार तास कडाक्याचं भांडण झालं. कोणी दिवाबत्तीचा खर्च मांडला, कोणी नाल्याचा. राणी वकील म्हणून नाही, बाजूला प्रेक्षक म्हणून बसली होती, आणि बोलायची फार खुमखुमी येत होती, पण सभा गावाची होती. शेवटी दर खाली आणायचा ठराव मांडला गेला. सरपंचांनी हात वर करायला सांगितलं.

शकुबाईनं दोन्ही हात वर केले. “एकच हात मोजतेत, आजी!” कोणीतरी ओरडलं, आणि त्या हशातच ठराव पास झाला.