बाळारामने वाजवलेलं चाक

माझा स्वभाव मुळात तापट. आमची बायको बदरुन्निसा म्हणते, राग तुमच्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो. तिचं खरंय. पण त्या रागापायी मी एका माणसाचं वाटोळं केलं, हे तिलाही ठाऊक नाही.

बाळाराम संगमेश्वरकडचा, मी दापोलीचा. सौदीतल्या यान्बूच्या एका गॅरेजात मी फोरमन होतो आणि तो मेकॅनिक. कॅम्पात आमची खोली एकच. ईदला मी बिर्याणी करायचो, गणपतीत नारळ नसला तर तो खजूर घालून मोदक करायचा. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी! खोड मात्र एक होती. जे हातात येईल ते वाजवून बघायचा. बाजारात कलिंगड वाजवी, नारळ वाजवी, हॉटेलात चहाच्या कपावरसुद्धा नख मारी. मी म्हणायचो, "अरे, कप आहे तो, तबला नाही." तो हसायचा. म्हणायचा, "आई मडकं वाजवल्याशिवाय घेत नाय, शौकतभाय. चिरलेलं असलं तर बद्द बोलतं."

त्याच खोडीवर त्यानं तिथं नाव कमावलं. आमच्याकडे टर्बोचं काम यायचं. इंजिनाच्या गरम धुरावर टर्बोमधलं मुठीएवढं चाक गरागरा फिरतं, आणि त्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबली जाते. बहुतेक चाकं धातूची. पण काही जपानी गाड्यांत ती सिरॅमिकची असायची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या जातीची. वजनाला हलकी, म्हणून गाडी चटकन उचल खाते. पण हवेचा दाब वाढवला की ठिकऱ्या. गंमत अशी की काजळी बसली म्हणजे दोन्ही सारखीच काळी दिसतात. बाळाराम चाक फडक्यानं पुसायचा, तळहातावर तोलायचा, नखानं टिचकी मारायचा आणि कुठलं ते सांगायचा. तीन वर्षांत एकदाही चुकला नाही. लांबच्या राबिघ गावाहूनसुद्धा लोक त्याला चाकं दाखवायला आणत.

त्याला पुढं हेच करायचं होतं. संगमेश्वरला हायवेला लागून स्वतःचं गॅरेज. "तिथं ट्रकवाले पाटी बघून येत नायत, शौकतभाय, नाव ऐकून येतात," असं म्हणायचा. नाव, नाव, नाव. दुसरं त्याला काही नको होतं.

२००४ सालची गोष्ट. एका सौदी पोरानं जपानी गाडी आणली. जेद्दाच्या भंगारातून टर्बो घेतलेला, तो बसवून दाब वाढवून हवा होता. जुम्याला मित्रांसोबत शर्यत होती. तो डोक्यावर उभा राहून सारखा "यल्ला, यल्ला", चला, लवकर, करत होता. बाळारामनं चाक बाहेर काढून पुसलं, तोललं, टिचकी मारली आणि मान हलवली.

"सिरॅमिक आहे. याच्यावर दाब वाढवायचा नाय."

मी खिशातलं लोहचुंबक काढलं आणि चाकाच्या मागच्या अंगाला लावलं. ते खट्कन चिकटलं. "हे बघ! माती चिकटते का लोहचुंबकाला?"

"ते आतल्या दांड्याला ओढतंय," तो हळूच म्हणाला. "दांडा पोलादी आहे. आणि चांगल्या धातूची चाकं तर चिकटतच नायत. कानशीच्या टोकानं ओरखडा काढून बघतो. धातू असला तर चकाकेल. दोन मिनिटं द्या."

सगळं बरोबर होतं त्याचं! पण गिऱ्हाइकासमोर हा मला शिकवतो? माझं डोकं सणकलं. "मडकी वाजवायची तर गावाला जा," मी ओरडलो. "फोरमन कोण आहे इथं? बसव!"

त्यानं बसवलं. जॉब कार्डावर रीतीप्रमाणे बसवणाऱ्याचं नाव लिहिलं, बाळाराम. दाब मी सांगितला तेवढा ठेवला.

शनिवारी गाडी दोरीनं ओढत आणली. चाकाचा भुगा झालेला, इंजिनही खराब. पोराचा बाप कफीलचा, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही होतो त्या मालकाचा, दोस्त होता. कफीलनं कार्ड हातात घेतलं आणि विचारलं, "बाळाराम कोण?"

त्याच टेबलावर बदरुन्निसाच्या व्हिसाचे कागद सहीसाठी पडले होते. चार वर्षं मी त्या सहीची वाट बघत होतो. बाळारामनं एकदा त्या कागदांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी जमिनीकडे बघत राहिलो. तोबा, तोबा! एवढं ओरडणारा मी, आणि हुकूम माझा होता हे काही सांगितलं नाही.

"मीच," बाळाराम म्हणाला.

"खलास," कफील म्हणाला. आठवड्यात त्याच्या पासपोर्टावर एक्झिटचा शिक्का मारून त्याला कायमचं घरी पाठवलं.

निघताना त्यानं माझा हात धरला. "भाबी येतायत ना? येऊ देत," एवढंच म्हणाला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बदरुन्निसा आली. संसार झाला. २००७ ला सुट्टीवर आलो तेव्हा खजुरांचा डबा घेऊन संगमेश्वरला गेलो. वाटेत ठरवलं होतं, सगळं कबूल करायचं, त्याच्या आईच्या पाया पडायचं.

हायवेवर त्याचं गॅरेज नव्हतं. अंगणात शेतावरचा पाण्याचा पंप उघडून तो एकटाच बसला होता. मला बघून उठला, हसला, घरात घेऊन गेला. त्याच्या आईनं, भीमाबाईंनी, चहा केला. मी तोंड उघडणार तोच त्या पुढं आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

"शौकत ना तू? यानं सगळं सांगितलंन. म्हणाला, आई, मीच चुकलो, वाजवूनसुद्धा मला ओळखता आलं नाय. तू सांभाळलंस म्हणून जेलात गेला नाय. आता गावातपण कोण इंजिनाला हात लावू देत नाय त्याला. परदेशात गाडी फोडून आलाय म्हणतात." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "तू तेवढं माफ केलंस ना बाबा त्याला?"

बाळाराम दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

आणि मी हरामखोर, चहाचा कप खाली ठेवून म्हणालो, "केलं, आई."