मेलेल्या बापाचं आजारपण

"हात पुढे कर," प्लांटचे साहेब म्हणाले.

मी केला. कॅन्टीनचा स्टीलचा पेला, काठोकाठ पाणी. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. तीन वाजले होते. सुटणारी पाळी नि येणारी पाळी, दोन्ही हजेरीच्या टाइम ऑफिससमोर उभ्या. तीसेक माणसं असतील.

"दारू प्यायलेला नाहीस. ताप नाही. मग जागा सोडून बाहेर का पळालास? हात का थरथरतोय?"

"साहेब, टेन्शन आलं." मला तेवढंच सुचलं.

"टेन्शन?" ते सगळ्यांकडे वळले. "अरे, टेन्शन डोकं चालवणाऱ्याला येतं. तुम्हा लोकांना कसलं टेन्शन?"

पेला डुचमळला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, मग शर्टावर. लोक हसले. आणि मीही हसलो. लाज त्याची वाटते मला, आजही. साहेबांनी अपमान केला तो केला, पण त्यांना बरं वाटावं म्हणून मी दात काढले. भिजलेल्या शर्टाने सायकल मारत घरी गेलो.

अंबरनाथ एमआयडीसीतला रंगाचा कारखाना. साल अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद. मी रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर. रिअ‍ॅक्टर म्हणजे दोन पुरुष उंचीचं बंद पातेलं. आत रसायन उकळतं. आपण तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवायचा, दर पंधरा मिनिटांनी आकडा वहीत लिहायचा, काटा चढला की थंड पाणी सोडायचं. चुकलं तर स्फोट, सगळेच गेले. म्हणून नियम असा, की रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. नियम बरोबरच आहे. पण माझा रिलीव्हर नोकरी सोडून गेला, आणि साहेबांनी वर्षभर त्याच्या जागी माणूसच घेतला नाही. कशाला घेतील? मी होतो ना! सात ते तीन माझी पाळी, तीन ते अकरा त्याची. आठवड्यातून चार-चार वेळा दोन्ही मीच करायचो. सोळा तास एकच काटा बघत उभा.

आधी झोप गेली. मग काटा घरातही दिसायला लागला. उल्हासनगरच्या कॅम्पात आमची एक खोली. स्टोव्हवर भात चढवला की मी दर मिनिटाला उठून बघायचो. बायको म्हणायची, "अहो, भातच आहे तो." मला कळायचं भातच आहे, तरी उठायचो. एकदा पोरीच्या हातून ताटली पडली. सात वर्षांची पोर. आवाज झाला तसा मी उठलो आणि तिच्या कानाखाली मारली. ती रडली नाही. भीतीने उभ्या उभ्या तिची चड्डी ओली झाली. मी तिला जवळ घ्यायला गेलो, तर ती आईच्या मागे लपली.

पेल्याच्या दिवशी काय झालं होतं, तर काट्यासमोर उभा असताना छाती धडधडायला लागली. श्वास पुरेना. बोटं बधिर. वाटलं, मेलो. तरी शेजारच्या ऑपरेटरला म्हटलं, "माझा काटा बघ रे," आणि मगच बाहेर येऊन भिंतीला टेकून बसलो. पळालो नव्हतो मी. पण हे तेव्हा तोंडातून निघालं नाही.

त्यानंतर कामावर कोणीही हात पुढे करायचा, "टेन्शन, टेन्शन" म्हणायचा. मस्करीच ती. मी जेवेनासा झालो. एका दुपारी बायको दारात बसून जीन्सचे धागे कापत होती. सिंधी शेठच्या कारखान्यातून गठ्ठे यायचे, ती घरी बसून ते काम करायची. मी तिला म्हटलं, "माझ्याने होत नाही आता. मी नसलो तर बरं होईल तुमचं."

तिने कात्री खाली ठेवली. "काय म्हणालात?"

मी उठून विझलेला स्टोव्ह बघून आलो.

"उद्या कामावर नाही, दवाखान्यात जायचं. मी येते."

"वेडा म्हणतील गं मला."

"म्हणू देत. पोरीला बाप पाहिजे."

ती मला कामगार विम्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथून चिठ्ठी घेऊन मोठ्या दवाखान्यात. मानसोपचाराची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. बाहेरच्या बाकावर मी तोंडाला रुमाल लावून बसलो होतो, कोणी ओळखीचं बघेल म्हणून. आतल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "किती तास काम करता? झोप किती? मरावंसं वाटतं का?" वर्षभरात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी हमसून हमसून रडलो. बायकोसमोर, परक्या बाईसमोर. बाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "हा आजार आहे. ताणाने झालाय. बरा होतो, पण औषध घ्या, झोप घ्या, आणि डबल पाळी बंद."

त्यांनी तीन आठवड्यांची रजा लिहिली. मी म्हटलं, "मॅडम, कागदावर कावीळ लिहा ना."

"मी खोटं लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही काही चोरी केलेली नाही."

मला नाही पटलं. तो कागद मी शर्टाच्या खिशात दडवला, आणि कारखान्यात दुसराच अर्ज पाठवला. आमच्याकडे रजेची कारणं ठरलेली. गावी आई आजारी, आजी वारली. एकेकाची आजी चार-चार वेळा वारलेली. क्लार्क हसून पुढे सरकवायचे. मी लिहिलं, 'वडील अत्यवस्थ.' माझा बाप मरून दोन वर्षं झाली होती. लाजेपोटी एवढी घाई, की तेही डोक्यात आलं नाही.

तीन आठवडे गोळ्या घेतल्या, झोपलो. धडधड कमी झाली, गेली नाही. रजा संपल्यावर पहिल्या दिवशी सकाळी हजर झालो तर क्लार्कने टाइम ऑफिसबाहेर बसवून ठेवलं. साहेब आले. गेटपासवाले, माथाडी, ड्रायव्हर, सगळे रांगेत उभे. साहेबांच्या हातात माझा अर्ज.

"काय रे, तुझ्या बापाच्या तेराव्याची रजा मीच दिली होती ना? मग परत आजारी कसा पडला? वर डॉक्टर नाही का?"

रांग हसली.

या वेळी मला हसू आलं नाही. माझा बाप उल्हासनगरच्या बाजारात कापडाचे गठ्ठे पाठीवर वाहायचा. कधी खोटं बोलून घरी बसला नाही. आणि मी, स्वतःचं दुखणं सांगायला लाज वाटली म्हणून, त्याला पुन्हा खाटेवर झोपवलं. या माणसाच्या तोंडी दिलं. शी! त्या क्षणी जेवढी स्वतःची किळस आली तेवढी कधीच आली नव्हती. मी खिशातला कागद काढला. घामाने मऊ झाला होता.

"साहेब, बाप आजारी नाही. मी आजारी आहे. डोक्याचा आजार. वर्षभर सोळा-सोळा तास उभं केलंत, त्याने झालाय. खोटा अर्ज दिला ती माझी चूक, त्याची शिक्षा द्या. पण हा कागद घ्या आणि मला पोच द्या."

क्लार्क हळूच म्हणाला, "अरे, असं करू नकोस. फायलीला लागलं की आयुष्यभर राहील."

"राहू दे."

माझा आवाज फाटला होता, पण सगळ्यांनी ऐकला. रांगेत कोणी हसलं नाही. साहेब केबिनमध्ये गेले. क्लार्कने शिक्का मारला, आणि मी रिअ‍ॅक्टरवर जाऊन उभा राहिलो.

त्याच दिवशी पावणेतीनला, शेजारच्या ऑपरेटरला काटा बघायला सांगून, मी केबिनच्या दारात गेलो. "साहेब, तीन वाजता माझी पाळी संपते. रिलीव्हर नाही."

"तू जागा सोडूच शकत नाहीस. नियम माहीत आहे ना?"

"सोडत नाही. तुमच्या ताब्यात देतो. काम तुम्हाला येतं, तुम्हीच शिकवलंत."

तीन वाजता ते तणतणत खाली आले. मी वहीत शेवटचा आकडा लिहिला, वेळ लिहिली, 'चार्ज साहेबांकडे दिला' असं लिहून सही केली, आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. ते ओरडत होते. नोकरी, सस्पेन्शन, लायकी, सगळं काढलं. पण काटा चढत होता. त्यांनाही तो दिसत होता. शेवटी पेन घेऊन त्यांना तिथे उभं राहावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. कामाची जागा सोडली, वरिष्ठांशी उर्मट वागणूक, तुमच्यावर कारवाई का करू नये. सगळे म्हणाले, माफी माग, संसार आहे तुझा. भीती मलाही होती, खोटं कशाला बोलू?

उत्तर मी कोणाकडून लिहून घेतलं नाही. घरी जमिनीवर बसून माझ्या अक्षरात लिहिलं. 'मी मानसिक आजारी आहे, औषध चालू आहे. कारण तुम्हाला माहीत आहे. आजपासून आठ तासांच्या वर एक मिनिटही उभा राहणार नाही. माणूस द्या, नाहीतर साहेबांना उभं करा.'

खाली पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.